एकाच नावाच्या दोन पावत्या

काशीत दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरांना जो नगरपालिकेचा क्रमांक असतो, त्याची सुरुवात ‘के’ या अक्षराने होते. मग एक आकडा, तिरकी रेघ आणि आणखी एक आकडा. शेजारच्या दुर्गाघाटाला आणि रामघाटालाही ‘के’च, कारण हा सारा भाग कोतवालीचा. चौकाच्या बाजूला सरकले की ‘सीके’ लागते, दशाश्वमेधाकडे ‘डी’, भेलूपुरात ‘बी’. रेघेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे वेगवेगळ्या भागांत पुन्हा येऊ शकतात. अक्षर लिहायला विसरलात, तर पत्र कोणत्या गल्लीत फिरत बसेल याचा नेम नाही. अक्षर घातले की शंका मिटते.

मोहल्ल्याला ज्याच्यावरून नाव पडले तो विनायकही काशीत एकटा नाही. परंपरा इथे छप्पन्न विनायक मोजते, सात आवरणांत प्रत्येकी आठ. अर्कविनायक, दुर्गविनायक, मोदविनायक अशी ती लांबलचक यादी आहे. नुसते ‘विनायकाला जायचंय’ म्हटले तर रिक्षावाला आधी ‘कोणत्या?’ असेच विचारणार.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न रोज उभा असतो. त्यावर त्यांनी काढलेल्या तोडग्याला नेमस्पेस म्हणतात. नावाच्या आधी त्याचा ठावठिकाणा लिहायचा, एवढीच त्यामागची कल्पना. कल्पना सोपी आहे. तरीही संकेतस्थळे बनवायला शिकणारी मुले इथेच अडखळतात. त्याचे कारण असे की संकेतस्थळाच्या प्रकल्पात प्रत्येक वस्तूला एक सोडून तीन ठावठिकाणे असतात: ती फाइल कोणत्या फोल्डरात आहे, तिच्या नावापुढे कोणते नेमस्पेस आहे, आणि कंपाइल झाल्यावर ती कोणत्या फाइलीत जाऊन बसली. तिन्ही गोष्टी दिसायला सारख्या, पण एकीचा दुसरीशी सक्तीचा संबंध नाही. शिकवणीच्या वर्गात हे नीट सांगितले जात नाही, आणि मग एररच्या लाल ओळी वाचत रात्री जातात.

उदाहरण घेऊ. दूधविनायक परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जवळच पंचगंगा घाटावरचे बिंदुमाधवाचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले, आणि रामघाटावर सांगवेद विद्यालय. समजा, इथल्या एखाद्या मंडळाला संकेतस्थळ हवे आहे. त्यावर गणपतीच्या दिवसांतले कार्यक्रम असतील, वर्गणीच्या पावत्या असतील, आणि मंडळाच्या छोट्या ग्रंथालयाचा हिशेबही असेल. काम दोघांनी वाटून घेतले. मायक्रोसॉफ्टची एएसपी डॉट नेट ही यंत्रणा आणि सी शार्प ही भाषा त्यांनी निवडली. एकाने वर्गणीसाठी ‘पावती’ नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे एखाद्या वस्तूचा नमुना: तिच्यात काय काय असते आणि तिच्याकडून काय काय करून घेता येते याचे वर्णन. दुसऱ्याने ग्रंथालयासाठी क्लास लिहिला आणि त्याचेही नाव ठेवले ‘पावती’, कारण पुस्तक नेताना देतात तीही पावतीच.

जाता जाता एक गंमत. सी शार्पमध्ये अशी नावे देवनागरीत लिहिता येतात. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात; पण क्लासला ‘पावती’ म्हणायला कंपायलरची हरकत नसते, काना-वेलांटीसकट. प्रत्यक्षात असे फारसे कोणी करत नाही. सहकारी कोणत्या प्रांतातला असेल सांगता येत नाही, आणि कळफलक सारखा बदलत बसायचाही कंटाळा येतो. इथे समजायला सोपे म्हणून मराठी नावेच ठेवू.

दोघांनी आपापल्या फाइली ‘ॲप_कोड’ नावाच्या फोल्डरात टाकल्या आणि पान उघडले. पान उघडलेच नाही. सीएस ०१०१ या क्रमांकाची एरर आली: जागतिक नेमस्पेसमध्ये ‘पावती’ची व्याख्या आधीच आहे. यातला ‘जागतिक’ हा शब्द महत्त्वाचा. ज्याने आपल्या क्लासला कोणतेच नेमस्पेस दिले नाही, त्याचा क्लास या सामाईक जागेत जाऊन पडतो, आणि तिथे एका नावाचा एकच क्लास राहू शकतो.

आता नवशिक्याच्या हातून हमखास होणारी गोष्ट. तो ॲप_कोडच्या आत दोन फोल्डर करतो, ‘वर्गणी’ आणि ‘ग्रंथालय’, आणि एकेक फाइल एकेकात हलवतो. एरर जशीच्या तशी. सी शार्पचा कंपायलर नाव ठरवताना फोल्डरकडे बघतच नाही. त्याला फक्त फाइलीच्या आत काय लिहिले आहे ते कळते. फोल्डर एकही न करता दोन्ही फाइली शेजारी-शेजारी ठेवल्या, पण एकीच्या माथ्यावर नेमस्पेस ‘दूधविनायक.वर्गणी’ आणि दुसरीच्या माथ्यावर ‘दूधविनायक.ग्रंथालय’ लिहिले, की भांडण मिटले. आता एकीचे पूर्ण नाव दूधविनायक.वर्गणी.पावती, दुसरीचे दूधविनायक.ग्रंथालय.पावती. ‘के’ आणि ‘सीके’ची अक्षरे लागली.

दर वेळी इतके लांब नाव लिहायचे म्हणजे हात दुखतील, म्हणून फाइलीच्या सुरुवातीला ‘यूझिंग’ची एक ओळ घालतात. ‘या फाइलीत नुसते पावती म्हटले की वर्गणीतली समजा,’ एवढाच तिचा अर्थ. ती नावाचा शॉर्टकट देते, क्लास आणून देत नाही. यूझिंग लिहिले तरी सीएस ०२४६ ही एरर का येते, हा प्रश्न म्हणूनच वर्षानुवर्षे विचारला जातो. त्या एररच्या मजकुरातच दोन शक्यता विचारलेल्या असतात: यूझिंगची ओळ राहिली का, की ज्या फाइलीत तो क्लास आहे तिचा संदर्भच जोडला नाही? बहुतेक जण पहिलीच शक्यता तपासतात. दुसरी तपासायची तर आधी कंपाइल झालेला कोड कुठे जातो ते माहीत हवे.

सी शार्पमध्ये लिहिलेली फाइल संगणक थेट चालवत नाही. कंपायलर ती वाचतो, चुका दाखवतो, आणि सगळे ठीक असेल तर एका मधल्या भाषेत उतरवून डीएलएल नावाच्या फाइलीत बांधतो. कार्यक्रम चालू होताना त्या मधल्या भाषेचे त्या-त्या यंत्राच्या भाषेत रूपांतर होते. कंपायलर कसा विचार करतो हा मोठा अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यात मराठी नावेही आहेत. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनी तयार होणाऱ्या कोडमधली पुनरावृत्ती कंपायलरने कशी टाळावी यावर काम केले. त्यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे पाठ्यपुस्तक देशभरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातात असते. त्याच संस्थेतल्या उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासोबत लिहिलेले डेटा फ्लो ॲनालिसिसवरचे पुस्तक २००९ साली आले.

डीएलएल राहण्याची ठरलेली जागा म्हणजे ‘बिन’ फोल्डर. एएसपी डॉट नेटच्या संकेतस्थळात बिनमध्ये डीएलएल आणून ठेवली की तिच्यातले सगळे क्लास प्रत्येक पानाला वापरता येतात. ती कोणी लिहिली, कुठे कंपाइल झाली, याची चौकशी होत नाही. बाहेरून विकत किंवा फुकट घेतलेली सामग्री इथेच येते.

ॲप_कोडची तऱ्हा निराळी. नोव्हेंबर २००५ मध्ये एएसपी डॉट नेटची दुसरी आवृत्ती आली, तिच्याबरोबर हा फोल्डर आला. त्यात कंपाइल न केलेल्या, माणसाने लिहिलेल्या फाइली तशाच ठेवायच्या. त्या सर्व्हरवरही तशाच चढवायच्या. पहिला पाहुणा संकेतस्थळावर आला की सर्व्हर स्वतःच त्या कंपाइल करतो, डीएलएल बनवतो आणि ती बिनमध्ये न ठेवता एका तात्पुरत्या फोल्डरात ठेवतो. त्या फाइलीचे नावही मासलेवाईक असते: ॲप_कोड, मग टिंब, मग काही निरर्थक अक्षरे-आकडे. ॲप_कोडमधल्या सगळ्या फाइलींची मिळून एकच डीएलएल होते. त्यामुळे त्यात सी शार्प आणि व्हिज्युअल बेसिक अशा दोन भाषा एकत्र ठेवता येत नाहीत. ठेवायच्याच असतील तर वेगळे उपफोल्डर करून वेब डॉट कॉन्फिग या फाइलीत तशी नोंद करावी लागते. फोल्डरला खरोखर काही अर्थ येतो तो इथे, आणि तोही नावाच्या बाबतीत नाही, कंपाइलच्या बाबतीत.

या सोयीने छोट्या कामांना फार हात दिला. सर्व्हरवरची एक फाइल नोटपॅडात उघडायची, वर्गणीचा आकडा बदलायचा, जतन करायचे, झाले. त्याची किंमत मात्र पाहुण्याला मोजावी लागते. ॲप_कोड, बिन किंवा वेब डॉट कॉन्फिग यांपैकी कशालाही हात लागला की सगळे ॲप्लिकेशन नव्याने सुरू होते. स्मृतीत ठेवलेली सत्रे पुसली जातात. कोणी अर्धा अर्ज भरून चहा प्यायला उठला असेल, तर परत आल्यावर त्याला पुन्हा लॉगिनचे पान दिसते. शिवाय नंतरच्या पहिल्या पाहुण्याला सगळे कंपाइल होईपर्यंत ताटकळावे लागते. महाराष्ट्रात सातबारा ऑनलाइन पाहणाऱ्यांनी पत्त्याच्या शेवटी ‘.एएसपीएक्स’ ही अक्षरे पाहिली असतील. ती याच घराण्याची खूण. सरकारी पान सुस्त असण्याला दहा कारणे असतात आणि प्रत्येक वेळी दोष कंपायलरला देणे अन्यायाचे होईल, पण पहिल्या पाहुण्याचे हे ताटकळणे खरे असते.

हे टाळायला आधीच कंपाइल करून चढवण्याची सोय आहे. त्यासाठीच्या साधनाचा कडक प्रकार वापरला तर .एएसपीएक्स फाइलींतला मजकूरच नाहीसा होतो. उघडून पाहावे तर आत इंग्रजीत एक वाक्य: ही खुणेची फाइल आहे, कंपाइल करणाऱ्या साधनाने बनवली आहे, पुसू नका. खरा माल बिनमध्ये गेलेला असतो. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला आपले सगळे काम उडाले असे वाटून घाम फुटतो.

या फोल्डरांकडे बाहेरच्याला बघता येत नाही, हेही इथेच सांगायला हवे. ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे ‘/बिन/’ लिहून काही हाती लागत नाही. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर ठरावीक नावे लपवून ठेवतो, त्यात बिन, ॲप_कोड, ॲप_डेटा आणि वेब डॉट कॉन्फिग येतात. म्हणजे या फोल्डरांना नाव देणे आपल्या मर्जीवर नाही. ‘ॲप_कोड’ऐवजी ‘आमचा_कोड’ म्हटले तर कंपाइलही होणार नाही आणि लपवलेही जाणार नाही.

आता सगळ्यात चिवट एरर. मायक्रोसॉफ्टने संकेतस्थळ बांधण्याचे दोन मार्ग ठेवले. एका मार्गात सगळे काम सर्व्हरवर कंपाइल होते. त्याला वेबसाइट प्रोजेक्ट म्हणतात. दुसऱ्यात सगळे काम आधीच आपल्या यंत्रावर कंपाइल होऊन एकच डीएलएल बिनमध्ये जाते. तो वेब ॲप्लिकेशन प्रोजेक्ट. व्हिज्युअल स्टुडिओ या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या २००५ च्या आवृत्तीत पहिलाच मार्ग होता. जुन्या लोकांनी आरडाओरड केली, तेव्हा २००६ मध्ये दुसरा जोडून दिला. दोन्ही मार्ग एकाच खिडकीत, जवळजवळ एकाच चेहऱ्याने उघडतात, आणि घोटाळ्याचे मूळ हेच.

मंडळाच्या संकेतस्थळाचा नवा कार्यकर्ता दुसऱ्या मार्गाने काम करतो आहे, पण कुठेतरी वाचून त्याने ॲप_कोड नावाचा फोल्डर केला आणि पावतीचा क्लास त्यात ठेवला. त्याच्या यंत्रावर सारा प्रकल्प कंपाइल झाला. पावती बिनमधल्या डीएलएलमध्ये गेली. मग त्याने सगळेच फोल्डर सर्व्हरवर चढवले. सर्व्हरने ॲप_कोड हे नाव पाहिले आणि आपल्या कर्तव्याला जागून तीच फाइल पुन्हा कंपाइल केली. आता दूधविनायक.वर्गणी.पावती दोन ठिकाणी आहे: एक बिनमध्ये, एक तात्पुरत्या फोल्डरात. एरर येते सीएस ०४३३: हा प्रकार या डीएलएलमध्येही आहे आणि त्या डीएलएलमध्येही. नेमस्पेस नीट लिहिलेले, नाव पूर्ण दिलेले, तरीही घोळ, कारण पत्ता एकच आणि त्या पत्त्यावर घरे दोन. इथे नेमस्पेसमध्ये कितीही खुडबुड केली तरी उपयोग नाही. फोल्डरचे नाव बदलून साधे ‘कोड’ करायचे, सर्व्हरवरचा जुना ॲप_कोड काढून टाकायचा, आणि प्रकल्प पुन्हा कंपाइल करायचा.

बिनमध्ये आणखी एक पाणी मुरते. त्यात एका नावाची फाइल एकच राहू शकते. न्यूटनसॉफ्ट डॉट जेसन ही डीएलएल डॉट नेटच्या जगात जिथे-तिथे असते. मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेसाठी घेतलेल्या घटकाला तिची एक आवृत्ती हवी, पैसे भरण्याच्या घटकाला दुसरी. बिनमध्ये त्यांतली एकच मावते. मग वेब डॉट कॉन्फिगमध्ये लिहून द्यावे लागते की जुनी मागणाऱ्यालाही नवीच द्या. बहुतेक वेळा हे खपून जाते. कधी कधी खपत नाही, आणि मग शुक्रवारची संध्याकाळ जाते.

बाकीच्या भाषांनी हे प्रश्न वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या खमकेपणाने सोडवले. जावात नेमस्पेसला पॅकेज म्हणतात, आणि तिथे फोल्डर आणि नाव यांची गाठ पक्की बांधलेली असते. संस्थेचे इंटरनेटवरचे नाव उलटे लिहून पॅकेजची सुरुवात करायची, हा तिथला रिवाज. पीएचपीत तर नेमस्पेस आले ३० जून २००९ ला, ५.३ या आवृत्तीबरोबर. तोवर लोक नावातच पत्ता कोंबत: झेंड फ्रेमवर्कमध्ये ‘झेंड_डीबी_टेबल_ॲबस्ट्रॅक्ट’ अशी आगगाडीसारखी नावे होती आणि प्रत्येक अधोरेषा म्हणजे एक फोल्डर. पायथनमध्ये कंपाइल झालेल्या फाइली पूर्वी मूळ फाइलीच्या शेजारीच पडत. एकाच यंत्रावर पायथनच्या दोन आवृत्त्या असल्या की एकीची फाइल दुसरी पुसून टाकी. २०११ मधल्या ३.२ आवृत्तीपासून या फाइली ‘पायकॅश’ नावाच्या फोल्डरात जाऊ लागल्या आणि प्रत्येकीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक येऊ लागला. म्हणजे कंपाइल झालेल्या मालालाही शेवटी उपसर्ग लावावाच लागला.

जावास्क्रिप्टने सगळ्यात जास्त भोगले. तिथे कितीतरी वर्षे सगळी नावे एकाच सामाईक जागेत होती, आणि एकाच नावाची दोन फंक्शने आली तर एररही येत नसे. जे नंतर आले ते गुपचूप जिंके. जेक्वेरी आणि प्रोटोटाइप या दोन्ही लोकप्रिय लायब्रऱ्यांनी डॉलरचे चिन्ह आपले म्हणून घेतले होते. दोन्ही एका पानावर आल्या की मागून आलेली आधीचीचे काम बंद पाडी. जेक्वेरीला त्यासाठी डॉलर मूळ मालकाला परत करणारे ‘नो कॉन्फ्लिक्ट’ नावाचे फंक्शन ठेवावे लागले.

‘जे नंतरचे ते जिंकते’ हा नियम दूधविनायकाच्या आसपासच्या पंडितांना ऐकून माहीत होता, आणि तोही कितीतरी जुना. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादाचे दुसरे सूत्र नेमके हेच सांगते: समबळ नियमांचा विरोध आला तर क्रमाने नंतरचा लागू करावा. त्याच्या लगेच आधीच्या सूत्रात आणखी एक बंधन आहे. तिथून पुढे ठरावीक हद्दीपर्यंत एका शब्दाला एकच तांत्रिक संज्ञा मिळेल, दोन मिळणार नाहीत. संज्ञेला हद्द घालून देणे म्हणजे नेमस्पेसचेच काम.

या नियमांचे आपसातले भांडण सोडवण्यावर ज्याने अवघा ग्रंथ लिहिला, तो नागेशभट्ट काशीचाच, आणि मराठी, आडनाव काळे. अठराव्या शतकातल्या या वैयाकरणाचे गुरू हरी दीक्षित. त्याचा ‘परिभाषेन्दुशेखर’ हा व्याकरणाच्या नियमांवरच्या नियमांचा ग्रंथ आहे. कोणता नियम कोणाहून बलवान, याची चढती भाजणी त्यात चर्चिली आहे: नंतरच्यापेक्षा नित्य बलवान, नित्यापेक्षा अंतरंग, अंतरंगापेक्षा अपवाद. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेतून निघाले. सी शार्पचा कंपायलर नाव शोधतो तेव्हा आधी सगळ्यात आतल्या नेमस्पेसमध्ये बघतो, मग त्याच्या बाहेरच्यात, मग त्याच्याही बाहेर. ज्याने ‘आतल्या कारणाचा नियम बाहेरच्याहून बलवान’ हा अंतरंग-बहिरंगाचा पाठ घोकला आहे, त्याला हे नवे वाटणार नाही.

याच्या पुढे मात्र जाऊ नये. रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये एआय मॅगझिनमध्ये संस्कृत आणि ज्ञानाची मांडणी यावर एक लेख लिहिला, आणि त्यावरून ‘संगणकासाठी सर्वोत्तम भाषा संस्कृत, असे नासाने सांगितले’ ही कहाणी पसरली, ती अजून मोबाइलवर फिरते आहे. पाणिनी संगणकासाठी लिहीत नव्हता. पुष्कळ नियम एका ठिकाणी आले की त्यांच्या हद्दी आणि अग्रक्रम ठरवावे लागतात. ते काम त्याने केले, नागेशाने केले आणि मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनीही केले. गरज तीच होती, म्हणून उत्तरे जवळपास आली.

नावांचे भांडण नुसत्या एररवर थांबत नाही, हे गेल्या दहा-बारा वर्षांत दोनदा दिसले. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रामरचे ‘किक’ हे पॅकेज त्याच नावाच्या एका कॅनेडियन कंपनीला हवे होते. त्याने नकार दिला. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामाईक भांडाराने ते नाव कंपनीला देऊन टाकले. चिडून त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात ‘लेफ्टपॅड’ हे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. त्यावर आडून-आडून विसंबलेले हजारो प्रकल्प कंपाइल होईनात. सपाट, सामाईक जागेत एक नाव एकालाच मिळते, आणि दोघांनी मागितले की असे होते. ‘@’ने सुरू होणारे संस्थेचे नाव पुढे लावण्याची सोय एनपीएममध्ये तेव्हाही होती, फार थोडे जण ती वापरत.

दुसरा प्रकार अधिक धोक्याचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने एक साधा प्रयोग जाहीर केला. मोठ्या कंपन्या स्वतःपुरती जी अंतर्गत पॅकेजेस वापरतात, त्यांची नावे त्याने शोधली आणि त्याच नावांची पॅकेजेस सार्वजनिक भांडारात चढवली, आवृत्तीचा क्रमांक मोठा ठेवून. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपालसह ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रांनी घरची पॅकेजेस सोडून त्याची उतरवून घेतली. बिल्ड करणाऱ्या साधनाला दोन्हीकडे तेच नाव दिसले, आणि जी आवृत्ती नवी दिसली ती त्याने उचलली. कंपन्यांनी त्याला बक्षिसे दिली, कारण त्याने त्यातून काही चोरले नव्हते. नावापुढे आपल्या संस्थेचा राखीव उपसर्ग असता, तर हे घडायला जागा कमी राहिली असती.

नव्या डॉट नेटमध्ये ॲप_कोडला जागाच नाही. जून २०१६ मध्ये एएसपी डॉट नेट कोअर आले, तेव्हापासून क्लासचे सगळे काम आधीच कंपाइल होते; पाने मात्र सुरुवातीला सर्व्हरवरच कंपाइल होत, नंतरच्या आवृत्त्यांत तीही आधीच होऊ लागली. बिन आता नुसता साठा राहिला नाही. कंपाइल झालेला माल त्यात डीबग आणि रिलीझ अशा वेगळ्या फोल्डरांत पडतो आणि अर्धवट माल ‘ऑब्ज’मध्ये. दोन्ही कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात घालायचे नसतात, केव्हाही पुसून पुन्हा बनवता येतात. अनाकलनीय एरर आली की अनुभवी माणूस पहिले काम हेच करतो: बिन आणि ऑब्ज दोन्ही पुसतो आणि पुन्हा बिल्ड करतो. निम्म्या वेळा एवढ्यावर भागते. सी शार्पच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, नेमस्पेस एका ओळीत अर्धविराम देऊन संपवता येते आणि सगळ्या प्रकल्पाला लागू होणारी यूझिंगची ओळ एकदाच लिहिता येते. ही दुसरी सोय जपून वापरावी. डॉट नेटमध्ये ‘टायमर’ नावाचे क्लास एकाहून अधिक नेमस्पेसमध्ये आहेत. दोन नेमस्पेस सगळीकडे उघडी करून ठेवली की ‘टायमर’ म्हणताच सीएस ०१०४ उभी राहते: नेमका कोणता?

जुनी संकेतस्थळे मात्र लगेच नाहीशी होणार नाहीत. ज्यावर ती चालतात ते डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोजचा भाग म्हणून अजून सांभाळले जाते. अशा वेबसाइट प्रोजेक्टला वेब ॲप्लिकेशनच्या मार्गावर आणायचे, तर व्हिज्युअल स्टुडिओत ‘वेब ॲप्लिकेशनमध्ये रूपांतर करा’ असा पर्याय असतो. तो चालवला की प्रत्येक पानाच्या जोडीला एकेक डिझायनर फाइल तयार होते, ‘कोडफाइल’च्या जागी ‘कोडबिहाइंड’ येते, आणि ॲप_कोड फोल्डरचे नाव आपोआप ‘ओल्ड_ॲप_कोड’ होते. हे नाव दिसले तर बदलायची घाई करू नये. ते मुद्दाम दिलेले आहे, म्हणजे सर्व्हरने तो फोल्डर ओळखून दुसऱ्यांदा कंपाइल करू नये. आतल्या क्लासना मात्र बहुधा अजून नेमस्पेस नसते, कारण वेबसाइट प्रोजेक्टच्या मार्गात व्हिज्युअल स्टुडिओ ते आपणहून घालत नसे. ते काम एकेक फाइल उघडून हातानेच करावे लागते, आणि पहिली ‘पावती’ तिथेच सापडते.